कबुलीनंतरचा वकील

वकील हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो कुठून आला याचा विचार आपण करीत नाही. फिर्याद, मुद्दई, मुखत्यारपत्र, वकालतनामा, कबुलीजबाब, तारीख, हुकूम, कैद असे शब्द कोर्टाच्या मराठीत अरबी-फारसीतून आले आणि कायमचे राहिले. अरबीत वकील म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकून आपले काम सोपवायचे तो. अल-वकील हे अल्लाहच्या नावांपैकी एक नाव आहे. ज्याला कोणी नाही त्याचा तो वकील, अशी आपली श्रद्धा. शब्दाचे हे मूळ लक्षात घेतले तर एक प्रश्न उभा राहतो. ज्याच्यावर भरवसा टाकायचा तो माणूस सरकारने नेमून दिला असेल तर? तो मध्येच बदलला गेला तर? आणि आरोपीने भर कोर्टात गुन्हा कबूल केल्यावर वकिलाचे काम उरते तरी काय?

हे प्रश्न केवळ पुस्तकी नाहीत. आपल्याच राज्यात, मुंबईत, २००९ ते २०१२ या काळात एका मुकदम्यात ते एकामागून एक उभे राहिले. तो मुकदमा मोहम्मद अजमल मोहम्मद आमिर कसाब याचा. त्याचे नाव घेताना आजही जीभ अडखळते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून मुंबईत १६६ निरपराध माणसे मारली गेली. सीएसटी स्थानकावर मेलेल्यांत मुसलमान कुटुंबेही होती. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलून कसाबला जिवंत पकडू दिले. त्याच्याबद्दल कणव वाटावी म्हणून हा लेख लिहिलेला नाही. कायद्याने त्याला जे दिले त्याचा आपल्या मुलांशी, आपल्या तुरुंगांतल्या गरिबांशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून त्या मुकदम्याचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत.

कोणी उभे राहीना

डिसेंबर २००८ मध्ये मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतील वकिलांच्या संघटनेने ठराव केला की आपला एकही सभासद या आरोपीचे वकीलपत्र घेणार नाही. लोकांचा संताप एवढा होता की ठराव झाला नसता तरच नवल. काही वकिलांनी तयारी दाखवली तेव्हा त्यांच्या दारात निदर्शने झाली. आपल्या कौमनेही त्या महिन्यात आपला निषेध आपल्या रीतीने नोंदवला. बकरी ईदला अनेकांनी काळ्या फिती लावल्या. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या बड्या कब्रस्तानात जागा द्यायला जामा मशिदीच्या ट्रस्टने नकार दिला. ती प्रेते वर्षभराहून अधिक काळ शवागारात राहिली आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप पुरली. हे एप्रिल २०१० मध्ये जाहीर झाले.

कब्रस्तानाच्या नकारात कौमचे दुःख होते आणि स्वाभिमानही होता. परंतु माती नाकारणे आणि वकील नाकारणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. माती नाकारली तो समाजाचा निषेध होता आणि समाजाला तो अधिकार आहे. वकील नाकारला तर निवाडा अधुरा राहतो, आणि निवाडा एकट्या आरोपीचा नसतो. तो मेलेल्यांचाही असतो. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमात अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क आहे. सेशन्स कोर्टात आरोपीला वकील नसेल तर सरकारी खर्चाने तो नेमावा, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०४ व्या कलमाने सांगितले होते. संघटनेच्या ठरावापुढे हे कलम हटणार नव्हते. पुढे ६ डिसेंबर २०१० रोजी ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असले सगळे ठराव बेकायदेशीर ठरवले. गंमत अशी की त्या प्रकरणात कोइमतूरच्या वकिलांनी पोलिसांचेच वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठरवले होते. आज ज्याच्यावर बहिष्कार तो उद्या दुसरा कोणी असतो, हे या एका प्रकरणातून कळते.

तीन वकील, एक खटला

पकडल्यावर कसाबने आरंभी भारतीय वकील नको म्हटले आणि पाकिस्तानी वकील मागितला. तो मिळणार नव्हता. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे कबुलीजबाब दिला. २५ फेब्रुवारीला अकरा हजारांवर पानांचे आरोपपत्र दाखल झाले. ३० मार्चला विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी विधी सेवा योजनेच्या यादीतून अ‍ॅड. अंजली वाघमारे यांना नेमले. त्याच रात्री त्यांच्या वरळीच्या घरापुढे जमाव जमला आणि दगड पडले. त्यांनी विचाराला वेळ घेतला आणि काम स्वीकारले. पण १५ एप्रिलला, खटला उभा राहण्याच्या दिवशीच, त्यांची नेमणूक रद्द झाली. हल्ल्यात जखमी झालेल्या एका व्यक्तीच्या भरपाईच्या दाव्यातही त्या वकील होत्या आणि ती व्यक्ती या खटल्यात साक्षीदार होती. एकाच वकिलाने दोन्ही बाजूंना उभे राहू नये, हे तत्त्व होते.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅड. अब्बास काझमी नेमले गेले. १७ एप्रिलला कसाबने दंडाधिकाऱ्यांपुढची कबुली मागे घेतली. ६ मे रोजी ८६ आरोप ठेवले गेले आणि त्याने सगळे नाकबूल केले. साक्षी सुरू झाल्या. मग २० जुलै २००९ उजाडला. १३४ साक्षीदार तपासून झाले होते. कसाब पिंजऱ्यात उभा राहिला आणि आपल्याला गुन्हा कबूल आहे असे म्हणाला. त्याच्या वकिलालाही याची कल्पना नव्हती. कसाबचा आपल्यावर विश्वास उरला नसेल तर बाजूला होण्याची तयारी काझमी यांनी दाखवली, पण पुढेही तेच काम पाहत राहिले.

येथे न्यायाधीश टहलियानी यांनी जे केले ते आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. कबुली मिळाली, आता शिक्षा सुनावून मोकळे व्हा, असे म्हणणाऱ्यांची त्या दिवशी देशात वाण नव्हती. न्यायाधीशांनी २३ जुलैला आदेश दिला. कसाबने सगळे आरोप मान्य केलेले नाहीत आणि आपला वाटा तो कमी करून सांगत आहे. म्हणून त्याचे म्हणणे नोंदीवर राहील, पण खटला पुढे चालेल. खटला चालला. सहाशेहून अधिक साक्षीदार झाले. डिसेंबरमध्ये कसाबने पुन्हा सगळे नाकारले आणि आपण सिनेमात काम करायला मुंबईत आलो होतो असे सांगितले. जुलैच्या कबुलीवर सगळी इमारत उभी केली असती तर डिसेंबरमध्ये ती डळमळली असती. पुराव्यावर उभी होती म्हणून ती टिकली.

त्याआधी ३० नोव्हेंबर २००९ रोजी काझमी यांनाही काढण्यात आले. शेकडो औपचारिक साक्षीदारांचे म्हणणे प्रतिज्ञापत्रावर घ्यावे, असा सरकारी पक्षाचा प्रस्ताव होता. त्यांपैकी किती जणांना उलटतपासणीसाठी बोलवायचे यावर न्यायाधीश आणि वकील यांच्यात वाद झाला. असहकाराचे कारण देऊन न्यायाधीशांनी त्यांची नेमणूक संपवली. त्यांचे सहायक अ‍ॅड. के. पी. पवार यांनी उरलेला खटला चालवला. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला आणि ६ मे रोजी त्याला फाशी सुनावली गेली.

अपिलात नवा माणूस

फाशीची शिक्षा सेशन्स कोर्टाने दिली तरी हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी हायकोर्ट पुरावा पुन्हा तपासतेच. शिवाय कायद्यात आणखी एक बारकावा आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरच त्याला दोषी ठरवले, तर ४१२ व्या कलमाप्रमाणे त्याला शिक्षेच्या प्रमाणापुरते किंवा तिच्या कायदेशीरपणापुरतेच अपील करता येत असे. दोषी ठरवण्याविरुद्ध दार बंद. म्हणजे २० जुलैची कबुली जशीच्या तशी स्वीकारली असती तर त्याच्या अपिलात बोलण्यासारखे फारच थोडे उरले असते. न्यायाधीशांनी खटला चालू ठेवला म्हणून अपिलाचे दार पूर्ण उघडे राहिले.

जून २०१० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या विधी सेवा समितीमार्फत अपिलासाठी नवे वकील आले, अ‍ॅड. अमीन सोलकर आणि अ‍ॅड. फरहाना शाह. सोलकर हे आडनाव आम्हा कोकणवासीयांना परके नाही. खालच्या कोर्टातला वकील बदलून अपिलात नवा का द्यायचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. खटला ज्याने चालवला त्याला स्वतःच्या कामातली उणीव दिसणे कठीण, आणि दिसली तरी ती वरच्या कोर्टात उघड सांगणे त्याहून कठीण. नवा वकील कागद कोऱ्या नजरेने वाचतो. वकिलाला अभ्यासाला वेळ मिळाला होता का, मध्येच वकील बदलल्याने आरोपीचे नुकसान झाले का, हे प्रश्न तोच मोकळेपणाने विचारू शकतो. जुना वकील स्वतःविरुद्ध साक्षीदार कसा होणार?

न्यायमूर्ती रंजना देसाई आणि न्यायमूर्ती रणजित मोरे यांच्यापुढे सुनावणी झाली. कसाबला आर्थर रोड तुरुंगातून पडद्यावर दाखवले जाई. त्याचे वर्तन असे की आपल्याच वकिलांच्या कामात त्याने अडथळा आणावा. तरीही त्या दोघांनी आपले काम सोडले नाही. २१ फेब्रुवारी २०११ रोजी हायकोर्टाने फाशी कायम केली. मग कसाबने तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयात अपील पाठवले. तेथे पुन्हा वकील बदलला. ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना न्यायालयाने न्यायमित्र नेमले आणि गौरव अग्रवाल त्यांच्या मदतीला होते. रामचंद्रन यांनी मुख्य मुद्दा मांडला तो हाच, की पकडल्यापासून खटला उभा राहीपर्यंत आरोपीला वकील नव्हता आणि नंतरच्या वकिलाला तयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही.

२९ ऑगस्ट २०१२ चा निकाल न्यायमूर्ती आफताब आलम यांनी लिहिला. सोबत न्यायमूर्ती सी. के. प्रसाद होते. फाशी कायम झाली. मात्र त्या निकालात प्रत्येक गरीब आरोपीच्या उपयोगाचा एक नियम घातला गेला. आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात त्याच क्षणी त्याला वकिलाचा हक्क लागू होतो. तुला वकील घेता येतो, पैसे नसतील तर सरकार देईल, हे त्याला समजावून सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर झाली तर दंडाधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई होऊ शकते. खटल्याच्या वेळी वकील नसेल तर खटलाच रद्द होतो. खटल्यापूर्वी वकील नसल्याने मात्र तो आपोआप रद्द होत नाही, नुकसान झाले का ते पाहावे लागते. कसाबने स्वतः देऊ केलेला वकील नाकारला होता, म्हणून त्याला याचा फायदा मिळाला नाही. ५ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात फाशी झाली.

त्याच पिंजऱ्यातले दोघे

या मुकदम्यात आणखी दोन आरोपी होते हे लोक विसरतात. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. दोघे भारतीय. हल्लेखोरांना मुंबईचे हाताने काढलेले नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात असा नकाशा सापडला, असे पोलिसांचे म्हणणे. कपडे रक्ताने भिजलेले आणि नकाशा मात्र स्वच्छ! न्यायाधीश टहलियानी यांनी हा पुरावा मानला नाही. दोघे सुटले. हायकोर्टाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली.

फहीमचे वकील होते अ‍ॅड. शाहिद आझमी. निकाल ऐकायला ते नव्हते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय जेमतेम बत्तीस. त्यांच्या जीवनावर पुढे हिंदीत चित्रपट निघाला. वकिली हे किती जोखमीचे काम आहे याचा आपल्या कौमला यापेक्षा मोठा पुरावा नको. आणि याच प्रकरणावरून दुसरी गोष्टही कळते. जुलै २००९ च्या कबुलीवर देशाने समाधान मानले असते, पुरावा तपासण्याची शिस्त ढिली झाली असती, तर त्या स्वच्छ नकाशाकडे इतक्या बारकाईने कोणी पाहिले असते का? दोषी माणसाला मिळालेला वकील आणि निर्दोष माणसाला मिळालेली सुटका एकाच शिस्तीतून येतात. एक काढली की दुसरी राहत नाही.

तुलनेला परदेशचे एक उदाहरण घेऊ. याच हल्ल्याची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने १८ मार्च २०१० रोजी शिकागोच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. ती सौदा करून दिलेली कबुली होती. त्याबदल्यात फाशी टळली आणि भारतात पाठवणी टळली. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. वकिलाचा सल्ला घेऊन केलेली कबुली आणि पिंजऱ्यात अचानक उभे राहून केलेली कबुली यांच्यातला फरक येथे कळतो. पहिलीत आरोपीला आपण काय देतो आणि काय मिळवतो हे ठाऊक असते. त्याच्याच साथीतल्या तहव्वूर राणाला १० एप्रिल २०२५ रोजी भारतात आणले गेले तेव्हा दिल्लीच्या न्यायालयात त्याच्यासाठीही विधी सेवा प्राधिकरणाचाच वकील उभा राहिला.

हा हक्क कुठून आला

अपिलात सरकारी खर्चाने वकील देण्याची रीत या मुकदम्यात प्रथम सुरू झाली असे नाही. गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात शंकर किस्तय्या नावाचा एक अगदी निर्धन नोकर आरोपी होता. १९४९ च्या अपिलात त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला आणि तो सुटला. देशाचा एवढा मोठा घाव ताजा असताना हे घडले, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९अ हे कलम आले आणि मोफत कायदेशीर मदत हे राज्याचे कर्तव्य ठरले. १७ ऑगस्ट १९७८ चा माधव हयवदनराव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल तर आपल्या राज्यातलाच. आरोपी उच्चशिक्षित, विद्यापीठात शिकवणारा, आणि गुन्हा विद्यापीठाच्या बनावट पदव्यांचा! सेशन्स कोर्टाने नाममात्र शिक्षा दिली, हायकोर्टाने ती तीन वर्षांवर नेली. निकालाची प्रत तुरुंगात त्याच्या हाती नीट पोचलीच नाही आणि अपील करीपर्यंत शिक्षा भोगून झाली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने सांगितले की कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेवर मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी गरज असेल तर वकीलही. पुढच्याच वर्षी बिहारच्या हुसैनारा खातून यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात कच्च्या कैद्यांचा प्रश्न देशापुढे आला. १९८० मध्ये कासमभाई अब्दुल रहमानभाई शेख या गुजरातच्या दुकानदाराच्या अन्नभेसळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौद्यातून आलेल्या कबुलीवरची शिक्षाच रद्द केली. थोड्यावर सुटशील या आशेने निर्दोष माणूसही मान तुकवतो, ही भीती त्यामागे होती. नंतर ५ जुलै २००६ पासून सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या काही गुन्ह्यांत असा सौदा कायद्यानेच मान्य झाला. तेव्हापासून कबुलीपूर्वी वकिलाचा सल्ला अधिकच गरजेचा झाला आहे.

अमेरिकेतही असा इतिहास आहे. क्लॅरेन्स गिडियन या गरीब कैद्याने तुरुंगातून हाताने लिहिलेल्या अर्जावर १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक गरीब आरोपीला वकील द्या असे सांगितले. फेरखटल्यात गिडियनने बाहेरून आलेले नामांकित वकील नाकारले आणि गावातला वकील मागितला. तो त्याला मिळाला आणि गिडियन सुटला. वकील मिळणे हा हक्क आहेच. त्याच्यावर विश्वास असणे हेही त्या हक्काचेच अंग आहे.

आपल्या परंपरेत

काही वाचक सूरह निसाच्या १०५ व्या आयतीची आठवण देतील. खियानत करणाऱ्यांची बाजू घेऊन भांडू नका, असा तिचा आशय आहे. मग गुन्हेगाराची वकालत कशी करायची? पण तफसीरच्या ग्रंथांत या आयतीमागचा प्रसंग दिलेला आहे. मदीन्यात एका मुसलमान कबिल्यातल्या माणसाने चोरी केली आणि आळ एका यहुद्यावर घातला. कबिला आपल्या माणसामागे उभा राहिला. त्या वेळी या आयतींनी निर्दोष यहुद्याला वाचवले. म्हणजे मनाई आहे ती आपल्या जातीचा म्हणून खोटे रेटण्याला. आरोपीचे म्हणणे कोर्टापुढे नीट मांडण्याला नाही. सूरह मायदाच्या आठव्या आयतीचा आशयही आपण जाणतो. एखाद्या लोकांशी वैर आहे म्हणून अदल सोडायचा नाही.

कबुलीबद्दल तर हदीसमध्ये माइज बिन मालिक यांचा प्रसंग आहे. ते स्वतः येऊन गुन्हा कबूल करतात. पैगंबर (स.) तोंड फिरवतात. ते पुन्हा येतात, पुन्हा तेच. चार वेळा कबुली झाल्यावरही त्यांना विचारले जाते की तुला वेड तर लागले नाही ना, आणि त्यांच्या लोकांकडे चौकशी केली जाते. शिक्षेच्या वेळी ते पळाले आणि लोकांनी पाठलाग केला, हे कळल्यावर त्यांना सोडून का दिले नाही, असे पैगंबरांनी (स.) विचारल्याची रिवायत आहे. यावरूनच अनेक फकीहांनी हद्दच्या गुन्ह्यात कबुली मागे घेण्याची मुभा मानली. कबुली ऐकून घाई करू नये हा धडा आपल्याकडे चौदा शतकांपासून आहे. मुकदम्यात दुसऱ्याला आपल्या वतीने उभे करणेही फिकहला मान्य आहे. हजरत अली (रजि.) आपल्या वादांत भाऊ अकील यांना आणि नंतर अब्दुल्लाह बिन जाफर यांना वकील करीत, असे ग्रंथांत येते.

किनाऱ्यावरून पाहताना

आमचे हेदवी हे दशभुजा गणेशाचे आणि बामणघळीचे गाव. समोर अरबी समुद्र. याच समुद्रातून १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला आरडीएक्स उतरले आणि २००८ मध्ये कुबेर नावाची पोरबंदरची मच्छीमार नौका पळवून, तिच्या तांडेलाला मारून दहा जण मुंबईला आले. त्यानंतर कोकणच्या किनाऱ्यावर ओळखपत्रे आली, नौकांच्या तपासण्या आल्या, सागर सुरक्षा दले आली. हे आवश्यक होते आणि आपल्या दर्यावर्दी भावांनी त्यात साथ दिली. पण दाढी पाहून, नाव ऐकून दोन प्रश्न जास्त विचारले जातात, हाही अनुभव किनाऱ्यावरच्या घराघरात आहे. तुरुंगांविषयीचे केंद्राचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे दाखवतात की कच्च्या कैद्यांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाहून जास्त आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात आपण १४.२ टक्के आहोत. तुरुंगातली ही माणसे बहुतेक गरीब आहेत, कमी शिकलेली आहेत, आणि कित्येकदा लवकर सुटू या आशेने कबुली देणारी आहेत.

म्हणून काही गोष्टी घरोघर ठाऊक असाव्यात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतला कोणीही माणूस यांना मोफत वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाचे उत्पन्न पाहिले जात नाही. तालुक्याला विधी सेवा समिती आहे आणि रत्नागिरीला जिल्हा प्राधिकरण आहे. कैद्याला तुरुंगाच्या अधीक्षकामार्फत अपील पाठवता येते. नेमलेला वकील भेटत नसेल, कागद वाचत नसेल, दोन्ही बाजूंशी त्याचा संबंध असेल, तर तसे कारण देऊन कोर्टाला किंवा विधी सेवा समितीला लेखी अर्ज करावा आणि दुसरा वकील मागावा. मात्र हवा तो वकील सरकारी खर्चाने मिळेलच असे नाही, आणि तारखा लांबवण्यासाठी वकील बदलत राहणे कोर्ट चालवून घेत नाही. डिसेंबर २०१९ च्या अनोखीलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीला साधारण किमान सात दिवस मिळावेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, पण वकिलाचा हा हक्क कायम आहे. आणि ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्याची अपिले मुंबईऐवजी कोल्हापूरच्या खंडपीठाकडे जातात. वकिलाला आणि नातेवाइकांना मुंबईपर्यंत जावे लागत नाही.

कौममध्ये डॉक्टर व्हावे, इंजिनीअर व्हावे, आखातात जावे, ही स्वप्ने आपण पाहतो. वकील व्हावे असे म्हणणारी मुले आमच्या उर्दू शाळांत कमी भेटतात. नागरिकशास्त्राच्या तासाला २२ वे कलम येते आणि परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न होऊन जाते. त्या दोन गुणांमागे वाघमारे यांच्या घरावर पडलेले दगड आहेत, शाहिद आझमींना लागलेल्या गोळ्या आहेत, आणि फाशीच्या कैद्यासाठी अपिलात उभे राहिलेल्या सोलकर आणि फरहाना शाह यांची चिकाटी आहे. फरहाना शाह यांच्यासारखे नाव आमच्या मुलींच्या कानावर पडले पाहिजे. कोर्टात आपल्या मुलाला उभे करतील तेव्हा त्याच्याजवळ त्याचे कागद वाचलेला एक माणूस असावा, एवढे तरी आपण आपल्या हाताने घडवू शकतो. गावागावांतून दोन-चार मुले-मुली कायद्याच्या शिक्षणाला जातील, त्यातला एखादा तालुक्याच्या विधी सेवा समितीच्या यादीवर नाव नोंदवील, तर वकील या आपल्याच शब्दाचा जुना अर्थ, भरवशाचा माणूस, पुन्हा खरा होईल.